जहीराची पंचवीस वर्षं

(शिबिरातल्या एका सत्रात केलेली ही मांडणी. बोलीचा बाज तसाच ठेवून, थोडी संपादित करून देत आहोत.)

आजवर मी आपल्यापुढे मारहाणीवर बोलले, पोटगीवर बोलले, रेशनवर बोलले. कॉम्प्युटरवरच्या खेळावर बोलायला उभी राहीन असं मलाही वाटलं नव्हतं. विषय सांगितला तेव्हा एकजण म्हणाली, "आता हेच राहिलं होतं." खरं आहे, हेच राहिलं होतं. सिनेमा, जाहिराती, पाठ्यपुस्तकं यांतली बाई आपण तपासली. पण आपली मुलं तासन्‌तास ज्या जगात वावरतात, तिथं डोकावायचं राहून गेलं.

मी ज्या खेळाबद्दल बोलणार आहे त्याचं नाव 'बाल्डर्स गेट'. हे एका काल्पनिक शहराचं नाव आहे. पहिला भाग १९९८ च्या डिसेंबरात आला, दुसरा २००० साली. हे दोन्ही कॅनडातल्या बायोवेअर कंपनीनं केले. तिसरा आला थेट २०२३ च्या ऑगस्टमध्ये, तो बेल्जियमच्या लॅरियन कंपनीनं केला. आपण एक पात्र तयार करायचं, वाटेत सोबती गोळा करायचे आणि संकटांतून मार्ग काढत गोष्ट पुढं न्यायची, असा हा खेळ. कुणाशी लढायचं, कुणाला वाचवायचं, कुणाला काय उत्तर द्यायचं, हे आपण ठरवायचं. म्हणून तर तो तपासण्याजोगा आहे. कादंबरी वाचताना आपण नुसत्या बघत असतो. इथं वागावं लागतं.

पहिला भाग मी खेळले तेव्हा कॉलेजात होते. घरातला कॉम्प्युटर भावाच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला. खेळाच्या पाच सीड्या त्यानं मित्राकडून आणल्या होत्या. तो दुपारी झोपला की मला तासभर मिळायचा, तोही भांडी आवरल्यावर. आई म्हणायची, "काम झालं असेल तर बस." भावाला ही अट कधी नव्हती. खेळात मी राक्षस मारत होते आणि कान स्वयंपाकघराकडे असायचे. फावला वेळ हासुद्धा घरात वाटला जातो आणि आपल्या वाट्याला उरलेला येतो, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. पण कळत होतं.

आता जरा मुळाशी जाऊ. या मालिकेचे नियम 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातून आले. तो १९७४ साली अमेरिकेत निघाला. टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा. पात्राची ताकद, बुद्धी, चपळाई आकड्यांत मोजायची. त्याच्या पुढच्या, वाढवलेल्या रूपाचं नियमपुस्तक १९७८ साली आलं. त्यात माणसाच्या ताकदीचा आकडा जास्तीत जास्त १८. योद्ध्याला १८ मिळाले, की पुढं १ ते १०० अशी आणखी एक पट्टी. पुरुष योद्धा त्या पट्टीवर १०० पर्यंत जाऊ शके. बाईला ५० वर थांबायचं. बुटक्या 'हाफलिंग' जमातीत पुरुषाची मर्यादा १७, बाईची १४. आता बघा, या खेळात माणूस बोटांतून आग काढतो, मेलेला उठून बसतो, साप बोलतात. ते सगळं चालतं. पण बाई पुरुषाइतकी दांडगी असणं, तेवढं मात्र पटत नाही! कल्पनेचं जग म्हणतात, पण कल्पना कुठं येऊन अडते, ते या आकड्यावरून दिसतं.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही अट गेली. 'बाल्डर्स गेट'चा पहिला भाग याच आवृत्तीवर बेतला होता. पात्र तयार करताना पहिलाच प्रश्न यायचा, बाई की पुरुष? बाई निवडली की शेजारच्या मजकुरात खुलासा असायचा, की या जगात बाया कुठल्याही बाबतीत पुरुषांना कमी नाहीत. मला तेव्हा बरं वाटलं होतं. आज वाटतं, असा खुलासा द्यावा लागला यातच सगळं आलं.

नियमातून अट गेली म्हणून मनातून जाते का? आपण कायद्यांचं काम करणाऱ्या बाया, आपल्याला हे सांगायला नको. पहिल्या भागात एक कमरपट्टा सापडतो. तो बांधला की पुरुषाची बाई होते, बाईचा पुरुष. हा पट्टा शापित, मंत्रानं शाप उतरवल्याशिवाय सुटत नाही. दुसऱ्या भागात एडविन नावाचा गर्विष्ठ मांत्रिक चुकून बाई होतो आणि त्याची यथेच्छ चेष्टा होते. म्हणजे बाईचं शरीर मिळणं हा शाप, आणि वर विनोद. याउलट तिसऱ्या भागात मुक्कामाच्या जागी एक आरसा असतो. त्यापुढं उभं राहून आपलं रूप, आवाज, स्वतःला बाई म्हणायचं, पुरुष म्हणायचं की दोन्ही नाही, हे कधीही बदलता येतं. त्यात शाप नाही आणि हसणंही नाही. पंचवीस वर्षांत पट्ट्याचा आरसा झाला. तृतीयपंथी मैत्रिणी आपल्या बैठकांना येऊ लागल्या तेव्हा आपल्यातही किती कुजबुज झाली होती, ते आठवा, म्हणजे हा बदल लहान वाटणार नाही.

आता प्रेमाची गोष्ट. दुसऱ्या भागात सोबत्यांशी प्रेम जमवायची सोय आली. तुमचं पात्र पुरुष असेल तर तीन बाया उपलब्ध. त्यांतली जहीरा नुकतीच विधवा झालेली. एरी ही पंख असलेल्या जमातीतली, पण पंख गमावलेली. आणि व्हिकोनिया, जिला जमाव जिवंत जाळायला निघालेला असतो. तिघीही दुखावलेल्या, तिघींना आधार हवा. आणि तुमचं पात्र बाई असेल तर? एकच पुरुष, ॲनोमेन. तापट आणि बढाईखोर. त्याचं ऐकून घ्यायचं, त्याला सांभाळायचं, धीराने सुधारायचं. (हशा) हसू नका, आपल्यातल्या कितीजणींनी लग्नात हेच केलं आहे!

तिसऱ्या भागात ही वाटणी राहिली नाही. मुख्य सोबत्यांपैकी कुणाचंही प्रेम कुणाशीही जमू शकतं. ते तुमच्या शरीरावर अवलंबून नाही, तुमच्या वागण्यावर आहे. निर्वासितांच्या कत्तलीत तुम्ही सामील झालात, तर कार्लाख तुम्हाला सोडून जाते. ही कार्लाख उंच, धिप्पाड, मोठ्यानं हसणारी बाई. तिच्या मालकानं तिला नरकात विकलं, छातीतून काळीज काढून तिथं भट्टीसारखं यंत्र बसवलं गेलं. दहा वर्षं दुसऱ्यांच्या लढाया लढून ती पळून आली आहे. सुरुवातीपासूनच्या सोबत्यांत अंगबळानं सगळ्यात जास्त कार्लाख आणि लेझेल, दोघीही बाया. पन्नासवर थांबायची ती अट आठवते ना?

आणखी एक, अस्तारियन. हा पुरुष. दोनशे वर्षं मालकानं त्याचं शरीर आमिष म्हणून वापरलं. त्याची जवळीक हीसुद्धा त्याला लागलेली सवय आहे, इच्छा नाही, हे खेळणाऱ्याला हळूहळू उमगतं. मग थांबायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं. संमती म्हणजे काय, हे आपण कितीतरी शिबिरांत तक्ते लावून शिकवतो. इथं तरुण मुलं ते एकेका उत्तरातून शिकत आहेत, आणि तेही एका पुरुषाच्या वेदनेतून.

मग नवं सगळं चांगलं आणि जुनं सगळं वाईट का? असं मी म्हणणार नाही. पहिल्या भागात ब्रॅन्वेन नावाची बाई भेटते. तिच्या बेटांवर बाईनं पुजारी व्हायचं नाही, असा रिवाज. ती देवाला साद घालते, देव ओ देतो, पण गाव स्वीकारत नाही. म्हणून ती घर सोडते. आपल्याला भेटते तेव्हा ती दगड झालेली आहे आणि जत्रेत मांडलेली आहे. तुम्हाला अहल्या आठवेल. मलाही आठवली. पण ही कुणाच्या पदस्पर्शानं उठत नाही. आपण मंत्राची गुंडाळी विकत घेतो, ती जागी होते आणि सोबत चालू लागते. तिसऱ्या भागात बाईला पुजारी व्हायला कुठलीच आडकाठी नाही. छान आहे. पण त्यामुळं ब्रॅन्वेनची गोष्टही तिथं उरली नाही. माझ्या मुलीला वाटतं, असंच असतं, असंच होतं. ही दारं कुणी तरी डोकं आपटून उघडली, हे समतेच्या तयार जगात दिसत नाही. आपल्या तरुण मैत्रिणींशी बोलताना आपल्याला हीच अडचण येते ना?

दुसऱ्या भागात जमिनीखाली एक शहर आहे. तिथं राज्य बायांचं, आणि त्या पुरुषांना गुलामासारखं वागवतात. बायांच्या हाती सत्ता आली तर काय होईल, याचं लेखकांना सुचलेलं हे चित्र. पुरुषसत्ता उलटी करून ठेवली, झालं. व्हिकोनिया या लोकांमधून पळून आलेली. दुसऱ्या भागात ती बदलू शकायची. तिसऱ्या भागात मात्र तिला अंधाराच्या देवीच्या मठाची क्रूर प्रमुख करून टाकलं आहे, लहान मुलीला पळवून तिच्या आठवणी पुसणारी. ज्यांनी तिला चितेवरून सोडवलं होतं, तिच्याशी तासन्‌तास बोलल्या होत्या, त्या जुन्या खेळाडूंना हे लागलं. मलाही लागलं. नव्या बायांना न्याय देताना जुनीला खलनायिका करायची, ही रीतही ओळखीचीच.

आता जहीराकडे येते. तिच्यासाठीच मी आज उभी राहिले.

१९९८ ची जहीरा लढवय्यी, स्पष्ट बोलणारी. जुलमी सत्तेविरुद्ध गुपचूप काम करणाऱ्या हार्पर नावाच्या संघटनेची कार्यकर्ती. तिचा नवरा खलिद भला माणूस, अडखळत बोलणारा. खेळात हे दोघं जोडीनं येत. त्याला गटातून काढलं की तीही निघून जायची. तिला एकटीला सोबत ठेवायचं, तर त्याला लढाईत मरू द्यायचं आणि प्रेत मागं टाकून पुढं जायचं, एवढाच मार्ग. मी तसं केलं होतं, खोटं कशाला बोलू? पुढं २००० साली लेखकांनीही तेच केलं. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच खलिदचं छिन्नविच्छिन्न प्रेत सापडतं. त्याला मारलं, म्हणून ती नायकाच्या प्रेमासाठी मोकळी झाली. नवरा असताना ती त्याची, नवरा गेल्यावर दुसऱ्याची. ती नुसती स्वतःची असू शकते, हे खेळाच्या नियमांतच बसत नव्हतं.

२०२३ मध्ये मुलगी खेळत होती. मी मागं कपड्यांच्या घड्या घालत होते. तेवढ्यात पडद्यावर एक म्हातारी दिसली. केस पांढरे, चेहऱ्यावर सुरकुत्या, शापित प्रदेशात निर्वासितांचं ठाणं राखून उभी. गोष्टीत शंभरावर वर्षं लोटली आहेत. मी ओरडले, "अगं, ही जहीरा!" घड्या राहिल्या बाजूला. आता ती कुणाची बायको नाही, कुणाची प्रेयसीही नाही. ती हार्परांची पुढारी आहे. पन्नाशी उलटलेल्या बाईला अशा खेळात जागा असते ती बहुतेक चेटकिणीची नाहीतर आजीची. ही तलवार घेऊन तरण्यांच्या बरोबरीनं चालते.

पुढं शहरात तिचं घर लागतं. घरात दत्तक घेतलेली मुलं आहेत. थोरली रिऑन धाकट्यांना सांभाळते आणि या सतत बाहेर असलेल्या आईवर चिडलेली असते. मुलीनं खेळ थांबवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, ही तुझ्यासारखी आहे. सगळ्यांच्या घरी जाते, स्वतःच्या घरी नसते."

मैत्रिणींनो, वीस वर्षं कोर्टात, पोलीस चौकीत, रात्रीबेरात्री फोनवर काढली. हे वाक्य मी कधी ना कधी ऐकणार हे माहीत होतं. तरी मला उत्तर सुचलं नाही. "तुझ्या बाबांनाही असंच म्हणशील का?" असं ओठांवर आलं होतं. तो प्रश्न बरोबर आहे, पण त्या वेळी तो तिला गप्प करण्यासाठी झाला असता. मी एवढंच म्हणाले, "हो. चिडली असशील ना?" मग आम्ही दोघी रात्री एक वाजेपर्यंत बोललो. आधी जहीराबद्दल, मग माझ्याबद्दल. तिच्या सातवीच्या स्नेहसंमेलनाला मी नव्हते, हे तिनं त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. हे खेळ आपल्या विषयाबाहेरचे नाहीत. जुन्या आणि नव्या भागांत जो फरक पडला, तो आपोआप पडलेला नाही. कुठं कुठं बाया बोलत राहिल्या, खेळत राहिल्या, लिहीत राहिल्या, तेव्हा कुठं नियम हलले. काही ठिकाणी ते हललेले नाहीत, तेही बघायला हवं. आणि ते बघायचं तर आपल्याला मुलांच्या शेजारी बसावं लागेल. "बंद कर ते" एवढंच म्हणून भागणार नाही.

गटचर्चेसाठी तीन प्रश्न ठेवते. आपल्या घरात फावला वेळ कुणाला, किती आणि कुठल्या अटीवर मिळतो? मुली खेळत असतील तर त्या खेळात बायांना करायला काय दिलं आहे? आणि आपल्या चळवळीतल्या थकलेल्या, म्हाताऱ्या झालेल्या जहीरांच्या घरी काय चाललं आहे, हे आपण शेवटचं कधी विचारलं होतं?

चहा आला आहे. चहा घेऊन गटांत बसू या.