उद्योग, शासन आणि तिसरा पक्ष

(भाईंदर येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



भाईंदरची मिठागरे आणि स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत. मुंबईची वाढ दहिसरपलीकडे सरकली आणि येथे १९८५ साली नगरपरिषद व २००२ साली महानगरपालिका आली. औद्योगीकरणाबरोबर गावाचा कारभारही बदलतो, हे या भूमीने अनुभवले आहे. अशा वेळी शासन आणि मोठे उद्योग यांचे संबंध कसे असावेत, याचा विचार आपण केला पाहिजे.

या संदर्भात मुळशीचे स्मरण होते. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने पुणे जिल्ह्यात धरण बांधावयास घेतले. जमिनी जाणार म्हणून १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास सोसला. धरण अखेर झालेच. विजेची गरज खरी होती, हेही मान्य केले पाहिजे. परंतु १८९४ च्या भूसंपादन कायद्याची रचना पाहा. कंपनीसाठी जमीन घ्यावयाची, तर कंपनीने शासनाशी करार करावा व तो राजपत्रात प्रसिद्ध व्हावा, अशी त्यात तरतूद होती. करार दोघांचा, जमीन मात्र तिसऱ्याची, आणि त्याची संमती कोठेच आवश्यक नव्हती.

स्वातंत्र्यानंतर शासनाने अधिक व्यापक भूमिका घेतली. १९६१ च्या कायद्यान्वये १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. महामंडळाने जमीन संपादन करावी, रस्ते व पाणी पुरवावे आणि उद्योजकांना भूखंड भाडेपट्ट्याने द्यावेत, या पद्धतीमुळे कारखानदारी मुंबईबाहेर पसरण्यास मोठे साहाय्य झाले. तथापि जमीन देणारे आणि कारखान्यावर देखरेख करणारेही शासनच, ही दुहेरी जबाबदारी सोपी नाही. उद्योग आणण्याच्या उत्साहात देखरेख सैल पडू नये, याची दक्षता अधिकाऱ्यांनीच घ्यावयाची आहे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने तिसऱ्या पक्षास स्थान दिले. खाजगी कंपनीसाठी संपादन असल्यास किमान ८० टक्के, सार्वजनिक-खाजगी भागीदारीत ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आणि सामाजिक परिणामांचे मूल्यनिर्धारण ही त्याची तत्त्वे होत. मात्र राज्याच्या दुरुस्तीनुसार काही प्रकल्पांना सूट मिळू शकते, आणि औद्योगिक महामंडळाचा कायदा स्वतंत्र आहे.

म्हणून पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे की, नोटीस येताच ती कोणत्या कायद्याखालील आहे, हे प्रथम पाहावे. हरकतीची मुदत टिपून ठेवावी. शिक्षकांनी ती नोटीस ग्रामस्थांना वाचून समजावून द्यावी. उद्योगाला दिलेल्या सवलती व त्यांच्या अटी अधिकाऱ्यांनी ग्रामसभेपुढे ठेवाव्यात. उद्योग आपल्याला हवाच आहे. मात्र ज्याची जमीन त्यात जाते, त्याला कराराची अक्षरे आधी वाचावयास मिळाली पाहिजेत.