शोकातील धृती



संकटात सापडलेल्या मनुष्यास जो तो एकच उपदेश करतो : 'धीर धरा.' सांगणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो. परंतु ज्याच्या घरी नुकतेच मरण झाले आहे, ज्याचे उभे पीक वाहून गेले आहे, अथवा ज्याच्या आप्तास असाध्य व्याधीने गाठले आहे, त्याने नेमके काय धरावयाचे, हे कोणी सांगत नाही. या प्रश्नाचे उत्तर शास्त्रात आहे आणि इतिहासातही आहे.

'धृती' हा शब्द 'धृ' म्हणजे धरणे या धातूपासून सिद्ध झाला आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात धृतीचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी तामस धृतीचे लक्षण विशेष विचार करण्याजोगे आहे. निद्रा, भय, शोक, विषाद आणि मद यांना जी सोडीत नाही, ती तामस धृती होय. म्हणजे निराश मनुष्याचे ठायी धृती नसते असे नव्हे. त्याने शोकालाच घट्ट धरलेले असते. सात्त्विक धृती मात्र मन, प्राण आणि इंद्रिये यांच्या क्रिया अविचल योगाने धारण करते. मन काही ना काही धरणारच. काय धरावे, एवढाच प्रश्न आहे. प्रसन्नता आज्ञा करून येत नाही. आधार मात्र निवडता येतो.

या सिद्धान्ताचे जिवंत उदाहरण नर्मदातीरी महेश्वर येथे घडले. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचा जन्म १७२५ साली चौंडी येथे झाला. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. अहिल्याबाईंनी सहगमनाचा निश्चय केला. वृद्ध श्वशुर मल्हाररावांनी अश्रू ढाळून त्यांना परावृत्त केले आणि राज्यकारभारात घातले. १७६६ साली तो आधारही गेला. पुढच्याच वर्षी एकुलता पुत्र मालेराव निवर्तला. उत्तरायुष्यात नातू गेला, त्यामागून १७९१ साली जामात यशवंतराव फणसे गेले, आणि आईने परोपरीने विनविले असताही कन्या मुक्ताबाई सती गेली. ती रूढी पुढे कायद्याने बंद झाली, हे योग्यच झाले. त्या मातेच्या हृदयावर मात्र तिने अखेरचा घाव घातला.

एवढे आघात सोसणाऱ्या बाईंचा दिवस कसा जात असे, हे सर जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानाच्या वृत्तान्तात नमूद केले आहे. पहाटे उजाडण्यापूर्वी तासभर उठणे, स्नानसंध्या व पूजा, नियमित काळ पुराणश्रवण, दानधर्म, स्वतः अन्नदान, मग साधे भोजन व अल्प विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार भरे तो सायंकाळी सहापर्यंत चाले. नंतर पुन्हा दोन-तीन तास उपासना व अल्पाहार. रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कामकाज. व्रत, उत्सव अथवा राज्यावरील तातडीचे संकट यांखेरीज या क्रमात खंड पडत नसे.

या दिनचर्येत 'शोक विसरणे' असे कलम कोठेही नाही. शोकाला अवकाश नव्हता असेही नाही. मुक्ताबाईंच्या पश्चात बाई जवळजवळ तीन दिवस फारसे अन्न न घेता, एक शब्दही न उच्चारता राहिल्या, असे माल्कम लिहितात. कोरडे डोळे म्हणजे धैर्य, ही समजूत तेथेच खोटी ठरते. पुढे त्यांनी दिवंगतांचे स्मारक उभारण्यात सांत्वन शोधले. दुःख हातांना सोपविले. हातांनी दगड रचले. दरबारात येणाऱ्या रयतेचे गाऱ्हाणे त्यांच्या दुःखासाठी थांबणारे नव्हते, आणि बहुधा त्यानेच त्यांना सावरले.

येथे कोणी म्हणेल, त्या राज्यकर्त्या होत्या. संसारी मनुष्याने काय करावे? त्याने दरबार भरवू नये, पण एक घटिका धरावी. दीर्घ आजार किंवा विपत्ती घरात शिरली की प्रथम काळाचा क्रम मोडतो. निजणे-उठणे अनियमित होते, चूल वेळेवर पेटत नाही, देवापुढचा दिवा राहून जातो, आणि दिवस-रात्रीचा भेद नाहीसा झाला की विषादाला मोकळे रान मिळते. म्हणून उठण्याची एक वेळ, स्नान, दिवा आणि थोडे श्रवण एवढे तरी मोडू देऊ नये. मन लागत नसेल तरी चालेल. आसनावर बसणे आपल्या हाती आहे, मन लागणे नाही.

दुसरा आधार दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याचा. दुःखित मनुष्याला आपण सर्वांवर भार झालो असे वाटू लागते. त्याच्याकडून सर्व कामे काढून घेणारे प्रेमळ आप्त नकळत त्या भावनेस खतपाणी घालतात. शेजारच्या मुलास पाढे शिकविणे, पंगतीत वाढणे, तुळशीला पाणी घालणे असे लहानसे काम त्याच्याकडे राहू द्यावे. तिसरा आधार सत्संगाचा. एकान्तात शोक वाढतो. चार माणसांत बसल्यावर तो मावळत नाही, परंतु त्याला मर्यादा पडते. आणि इतके करूनही अंधार हटत नसेल, झोप व अन्न तुटले असेल, तर वैद्याकडे जावे. ज्वराला औषध घेताना कोणी श्रद्धेला उणेपणा मानीत नाही. मनाच्या व्याधीतही तो मानू नये.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाईंनी देह ठेवला. त्यांनी उभारलेले घाट आजही महेश्वरी नर्मदेच्या पाण्यात पाय रोवून उभे आहेत. दर पावसाळ्यात नदी चढते आणि खालच्या पायऱ्या बुडतात. पाणी ओसरले की लोक पुन्हा त्याच पायऱ्यांनी स्नानाला उतरतात. धृतीचे काम एवढेच : पूर थोपविणे नव्हे, पायरी जागेवर ठेवणे.