परीक्षेतील इंग्रजी आणि पालकांचे कर्तव्य
(गोवंडी येथील पालकांपुढे केलेले भाषण)



दहावीला इंग्रजीचे १०० गुण असतात. त्यांपैकी ८० लेखी परीक्षेचे व २० अंतर्गत मूल्यमापनाचे. या २० गुणांत मुलाचे ऐकणे व बोलणे पारखले जाते. लेखी परीक्षेतही पुस्तकाबाहेरचा उतारा येतो. गाइड पाठ करून तो सुटत नाही. घोकंपट्टीवर विसंबलेली मुले येथेच अडतात.

‘आम्हांस इंग्रजी येत नाही, आम्ही काय करणार?’ असे आपण म्हणाल. रामजी सुभेदारांनी भीमरावांना घरी इंग्रजी शिकविले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. आपणांस शिकविता येत नसेल, परंतु मुलांना रोज अभ्यासाला बसविणे आपल्याच हाती आहे.

गल्लीतील दोन मुले एकत्र बसवा. एकाने उतारा मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने पुस्तक मिटून ऐकावा व प्रश्नांची उत्तरे द्यावीत. मग पाळी बदलावी. स्वतः वाचताना आधी प्रश्न पाहावेत, मग उतारा. अनोळखी शब्दापाशी न थांबता वाक्य पुरे करावे. रेल्वे स्थानकावरील सूचना मराठी, हिंदी व इंग्रजीत होतात. मराठी कळली की इंग्रजी कान देऊन ऐकावी.

अकरावीच्या विज्ञान शाखेत इंग्रजीच ऐकावे लागते. ते न कळल्यास हुशार मूलही मागे पडते. म्हणून रोज अर्धा तास द्या. आणि त्या अर्ध्या तासात मुलीला पाण्याच्या रांगेत धाडू नका. परीक्षा तिलाही तीच आहे.