कोको शेतकऱ्याचा, किल्ली सरकारची
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



व्यापारी लुटतो, म्हणून सरकारने खरेदी हातात घ्यावी, असे आपल्याकडे नेहमी म्हटले जाते. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी आली ती याच बोलीवर. आज आम्ही त्याच्याही पंचवीस वर्षे आधीची, आफ्रिकेतल्या घानाची गोष्ट सांगणार आहोत. पीक कोकोचे, ज्याच्या बियांपासून चॉकलेट होते.

घाना तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता. १९३७ साली गोऱ्या कंपन्यांनी आपसात ठरवून भाव पाडले. शेतकऱ्यांनी माल विकणेच बंद केले आणि पुढच्या एप्रिलपर्यंत नेट धरला. मग महायुद्ध आले आणि सगळा कोको इंग्रज सरकार घेऊ लागले. युद्ध संपले तरी सरकारचा हात सुटला नाही. १९४७ साली कोको मार्केटिंग बोर्ड निघाले. परदेशात माल विकायचा तो फक्त बोर्डाने. वचन साधे होते: तेजीत थोडे कापू, मंदीत तेच परत देऊ.

तेजी आली. कापलेला पैसा लंडनला, इंग्रज सरकारच्या कर्जरोख्यांत जाऊन बसला.

मग कारभार आपल्याच माणसांच्या हाती आला. १९५४ साली एन्क्रुमांच्या सरकारने साठ पौंड वजनाच्या ओझ्याला ७२ शिलिंग भाव बांधला. हिशेब करा, टनाला १३४ पौंड पडतात. त्या वर्षी जगाच्या बाजारात भाव ४०० पौंडांच्या वर होता! कुमासी भागात या रागातून चळवळ उभी राहिली. सरकार म्हणाले, पैसा देशाच्या विकासाला लागतो.

आणि मंदी आली तेव्हा? १९६५ साली जागतिक भाव कोसळला. राखीव पैसा तोवर खर्चून गेला होता. शेतकऱ्याला परत मिळणे राहिले बाजूला, उलट त्याचाच भाव कापला.

शेतकऱ्याने काय केले? नवी झाडे लावणे सोडले, रात्री माल सीमेपार नेला. १९६४-६५ चे साडेपाच लाख टनांचे पीक १९८३-८४ ला एक लाख साठ हजारांच्या आसपास आले. दुष्काळ आणि वणवेही होते. पण झाडे जगवण्याइतका भाव हातात नव्हता, हे मूळ दुखणे.

बोर्ड आजही आहे. एप्रिल २०२४ मध्ये जगात टनाला दहा हजार डॉलरवर भाव होता; घानाच्या शेतकऱ्याच्या हाती त्याचा पाव हिस्सा.

कंपन्या साव होत्या असे आम्ही म्हणत नाही. त्यांनीही लुटलेच. पण त्यांना माल नाकारता येत होता. एकच कायदेशीर गिऱ्हाईक उरले, की नाकारायचे कुणाला? आपल्या कापसातही चढउतार निधीची कपात होत होती, हे विसरू नका.

पुन्हा कुणी 'तुमच्या भल्यासाठी थोडे कापतो' म्हणाले, तर तीन प्रश्न विचारा. पैसा कुणाच्या नावावर? किल्ली कुणाकडे? आणि दुसरीकडे विकायची मोकळीक आहे का? उत्तर मिळेपर्यंत अंगठा उठवू नका.