निरोप पोचला, पण कुणाला?



वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यातल्या गैरसमजांचा विषय निघाला की बोलणारा हमखास तेनेरीफला जातो. १९७७ साली त्या बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. त्यावर इतकं लिहून झालंय, की मी आज तिकडे फिरकणार नाही. आपल्याच देशात, हरियाणातल्या शेतांवर जे कोसळलं ते आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत. मला त्याबद्दल बोलायचं आहे.

१२ नोव्हेंबर १९९६ची संध्याकाळ. सौदियाचं बोइंग ७४७ दिल्लीहून धाहरानकडे निघालं होतं. आत ३१२ माणसं, त्यांत आखातात कामाला निघालेले आपले लोक पुष्कळ. समोरून कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन-७६ दिल्लीला येत होतं, त्यात ३७ जण. दिल्लीला तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या नागरी विमानांना मिळून एकच हवाई मार्ग होता. आजूबाजूचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे. मग एकाच वाटेवरची विमानं फक्त उंचीनं वेगळी ठेवायची. कझाक विमानाला १५ हजार फुटांपर्यंत उतरायची परवानगी मिळाली, सौदियाला १४ हजारांपर्यंत चढायची. मध्ये हजार फुटांचं अंतर. नियमानं ते पुरेसं होतं.

समोरून सौदिया येतंय, त्याची पातळी एक-चार-शून्य, म्हणजे १४ हजार फूट, हे नियंत्रकानं कझाक विमानाला सांगितलंही. तिकडून पोच आली. तरी ते पंधराच्या खाली उतरत गेलं आणि चरखी दादरीजवळ दोन्ही विमानांची टक्कर झाली. ३४९ पैकी कुणीही वाचलं नाही. आकाशात झालेल्या टकरींमध्ये याहून मोठी दुर्घटना आजवर झालेली नाही.

न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी (ते पुढे सरन्यायाधीश झाले) यांच्या आयोगानं चौकशी केली. कझाक विमानानं नेमून दिलेली पातळी सोडली, हे कारण ठरलं. इंग्रजीच्या अपुऱ्या ज्ञानामुळे सूचनांचा चुकीचा अर्थ लावला गेला, असंही आयोगानं म्हटलं. एक-चार-शून्य हा समोरच्या विमानाचा आकडा होता, नुसती माहिती. कॉकपिटमध्ये तो हुकूम म्हणून ऐकला गेला असावा. त्यात सोव्हिएत पद्धतीत तयार झालेल्या या मंडळींना उंची मीटरमध्ये मोजायची सवय, आणि दिल्ली बोलणार फुटांत.

हे सगळं खरं. मला मात्र या प्रकरणात इंग्रजीपेक्षा बसायची जागा महत्त्वाची वाटते.

त्या कझाक विमानात रेडिओवर बोलायचं काम वैमानिकांकडे नव्हतं. त्यासाठी स्वतंत्र रेडिओ ऑपरेटर होता. तो वैमानिकांच्या मागे बसायचा आणि त्याच्यापुढे उंची दाखवणारं यंत्र नव्हतं. आकडा बघायचा तर पुढच्याच्या खांद्यावरून डोकवायचं. म्हणजे दिल्ली ज्याच्याशी बोलत होती, तो विमान चालवतच नव्हता. आपण पंधरावर नाही, हे अखेरच्या क्षणी त्या ऑपरेटरच्याच लक्षात आलं. त्यानं सांगितल्यावर विमान वर घेतलं गेलं आणि ते सौदियाला जाऊन भिडलं. वर घेतलं नसतं तर कदाचित ते खालून निसटलं असतं.

नियंत्रकाला हे दिसलं नाही का? दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसे, किती उंचीवर आहे ते दिसत नसे. उंची म्हणजे वैमानिक सांगेल ती. नव्या रडारचं काम चालू होतं. आपल्याकडे ‘काम चालू’ म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

ऐकलेला आकडा परत म्हणून दाखवायचा नियम असतो ना, असं तुम्ही विचाराल. असतो, पण तेवढ्यानं भागत नाही. १९८९च्या फेब्रुवारीत क्वालालंपूरला एका मालवाहू जंबोला नियंत्रकानं २४०० फुटांवर यायला सांगितलं. वैमानिकानं परत म्हणताना ४०० म्हटलं. चूक स्पष्ट उच्चारली गेली, पण कुणी ती दुरुस्त केली नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघं गेले.

चरखी दादरीच्या रेडिओ ऑपरेटरसारखा मधला माणूस न्यूयॉर्कलाही भेटतो. २५ जानेवारी १९९०. कोलंबियाच्या एव्हियांका कंपनीचं बोइंग ७०७ खराब हवामानामुळे तीन ठिकाणी मिळून सव्वा तासाच्या वर घिरट्या घालत राहिलं. कॅप्टनचं इंग्रजी बेताचं, म्हणून रेडिओवर सहवैमानिक. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला तेव्हा कॅप्टन त्याला म्हणाला, आणीबाणी आहे म्हणून सांग. सहवैमानिकानं काय केलं? दिशा बदलण्याच्या सूचनेला उत्तर देता देता शेवटी जोडलं, की आमचं इंधन संपत आलंय. ‘इमर्जन्सी’ म्हटलंच नाही. नियंत्रकानं पुढे विचारलं, तुम्हाला जरा लांबून वळवून आणतो, इंधनाच्या दृष्टीनं चालेल ना? हा म्हणाला, चालेल बहुतेक, आभारी आहे. कॅप्टननं त्याआधीच खात्री करून घेतली होती, सांगितलंस ना? हो, सर. थोड्याच वेळात चारही इंजिनं बंद पडली. १५८ पैकी ७३ जण मेले.

या सहवैमानिकाला इंग्रजी येत होतं. मोठ्या शहराच्या घाईतल्या नियंत्रकाला अडवून ‘नाही, चालणार नाही’ म्हणणं त्याला जमलं नाही, असं मला वाटतं. आणि कॅप्टन ‘हो, सर’वर थांबला.

पुढे सुधारणा झाल्या. दिल्लीत येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या केल्या. टक्कर टाळण्याचा इशारा देणारी टीकॅस यंत्रणा भारतात सक्तीची झाली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं वैमानिक आणि नियंत्रक दोघांनाही इंग्रजीची परीक्षा लावली. सहा पायऱ्यांपैकी किमान चौथी हवी. २००८ची मुदत कित्येक देशांना गाठता आली नाही, ती २०११पर्यंत वाढवावी लागली.

ही परीक्षा हवीच होती. पण ती बोलणाऱ्याची परीक्षा आहे. शेजारी बसलेल्यानं तेच ऐकलं की नाही, हे तिच्यात कळत नाही. त्यासाठी कॉकपिटमधला दुसरा एक साधा शिरस्ता आहे: नवी उंची मिळाली की दोन्ही वैमानिक यंत्रातल्या आकड्याकडे बोट दाखवून तो मोठ्यानं म्हणतात. मला विचाराल तर विमान चरखी दादरीसारख्या प्रसंगातून वाचेल ते या बोट दाखवण्यानं. परीक्षेतल्या चौथ्या पायरीचा नंबर त्यानंतर.