श्वास आणि मानेची शीर

देवळांत शंख फुंकणाऱ्या माणसाची मान आपण पाहिलीच असेल. फुंक लांबत जाते तसतशी मानेच्या कडेची शीर टरारून वर येते, आणि शंख ओठांपासून दूर होतांच ती पुन्हां दिसेनाशी होते. सर्वांच्या परिचयाची ही गोष्ट भूल दिलेल्या रोग्याच्या बाबतींत फार महत्त्वाची ठरते. तिचाच विचार आज करावयाचा आहे.

आपण श्वास आंत घेतों तेव्हां छातीचा पिंजरा रुंदावतो व आंतील दाब कमी होतो. त्यामुळें हवेबरोबरच मस्तकाकडून परतणारें रक्तही हृदयाकडे ओढलें जातें, आणि मानेंतील शीर क्षणभर आकसते. परंतु भूल देऊन ज्याचे स्नायू शिथिल केले आहेत, त्या रोग्यास स्वतः श्वास ओढून घेतां येत नाहीं. यंत्र त्याच्या फुप्फुसांत हवा ढकलतें. साहजिकच क्रम उलटा होतो. छातींतील दाब वाढतो, परतणारें रक्त दाराशींच अडतें आणि शीर फुगते. शंख फुंकणारा हा दाब स्वतःच्या बळानें निर्माण करतो, येथें तो यंत्र करतें, इतकाच भेद.

या यंत्रावर प्रत्येक श्वासाचें प्रमाण, मिनिटांतील श्वासांची संख्या आणि उच्छ्वासाच्या शेवटीं फुप्फुसांत राखावयाचा दाब, हीं सारीं ठरवितां येतात. हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरांत मोजतात. तो शून्यावरून ५ किंवा १० वर नेला, कीं मानेंतील खोल शीर बहुधा रुंदावते. कित्येक मोठ्या शस्त्रक्रियांत याच शिरेंतून हृदयापर्यंत बारीक नळी पोंचवावी लागते. शेजारींच मस्तकास रक्त पुरविणारी धमनी असते, आणि सुई चुकून तिच्यांत शिरली तर अनर्थ ओढवतो. म्हणून शीर रुंद असणें हिताचें. रोग्याच्या डोक्याकडची बाजू किंचित् खालीं केल्यानेंही हाच परिणाम साधतो, व अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर तो प्रत्यक्ष दिसतो. शिवाय दाब असतांना, उघड्या शिरेंत बाहेरची हवा शोषली जाण्याचें भयही कमी होतें.

मग दाब वाढवीतच कां जाऊं नये? खरी मेख येथेंच आहे. फुगलेल्या शिरेंतील रक्त हें हृदयास मिळालेलें रक्त नव्हे, तें वाटेंत खोळंबलेलें रक्त आहे. हृदयाकडे जितकें कमी येईल, तितकें कमी तें पुढें ढकलणार. १९४८ सालीं अमेरिकेंत आंद्रे कूर्नां व त्यांच्या सहकाऱ्यांनीं माणसांवर प्रयोग करून दाबानें हवा देण्याचा हृदयाच्या कार्यावर होणारा परिणाम मोजला. दोन श्वासांमध्यें दाब उतरून हृदयास भरण्यास पुरेसा अवकाश मिळाला पाहिजे, हें त्यांतून स्पष्ट झालें. याच कूर्नांना १९५६ सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

ज्याचें रक्त पुष्कळ वाहून गेलें आहे, त्याचा रक्तदाब अशा वेळीं एकदम खालावूं शकतो. ज्याच्या मेंदूस सूज आहे, त्याच्या कवटींतील दाब रक्ताचा निचरा अडल्यानें वाढूं शकतो. यास्तव जाणता भूलतज्ज्ञ सुईपुरताच दाब वाढवितो, नळी जागेवर बसतांच तो रोग्यास मानवेल इतका करतो, आणि या साऱ्या वेळीं रक्तदाबावरील नजर ढळूं देत नाहीं. शीर भरलेली दिसली म्हणजे शरीरांत रक्त भरपूर आहे, असें तो कधींही समजत नाहीं.