उधारीत अडकलेले भांडवल
(सुवर्ण महोत्सवी सोहळ्यातील भाषण)



धुळे-सुरत महामार्गावरील आपल्या विसरवाडीत दुकाने पुष्कळ आहेत. परंतु वडिलांनी सोपविलेले दुकान मुलाच्या हातीही बहुधा तेवढेच राहते. असे का व्हावे, याचा आज विचार करू या.

दुकानदार सुरतेहून माल आणतो आणि ठरल्या मुदतीत रक्कम चुकवितो. त्याचे गिऱ्हाईक मात्र शेतकरी. पावसाळ्याच्या तोंडावर नेलेल्या मालाचे पैसे तूर घरात आल्यावरच मिळतात. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले, लौकिक वाढला. पण तूर पिकायला लागणारा काळ तोच राहिला. तोवर आपले भांडवल वहीत पडून असते.

पेरू देशाचे अर्थतज्ज्ञ हर्नांडो डी सोटो यांनी २००० साली मांडले की, गरीब देशांतील माणसाजवळ मालमत्ता असते, परंतु तिची कायदेशीर नोंद नसल्याने तिचे भांडवल होत नाही. आपली उधारीही तशीच आहे. आपल्याला ती दिसते, बँकेला दिसत नाही.

२००६ च्या कायद्याने लघुउद्योजकास जास्तीत जास्त ४५ दिवसांत येणे मिळण्याचा हक्क दिला. २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी खुली झाली. पण ती बँककर्जाच्या अग्रक्रमापुरतीच. आणि हक्क असता, तरी पिकाआधी शेतकऱ्याने पैसे आणावेत कोठून? म्हणजे मधला काळ बँकेच्या कर्जावरच काढावा लागणार. २०१५ ची मुद्रा योजना तारण मागत नाही, मात्र उलाढालीचा पुरावा लागतोच.

म्हणून माझी विनंती आहे, प्रत्येक उधारीची दोन प्रतींत पावती करावी व वसुली खात्यात जमा करावी. कराच्या भीतीने कच्च्या चिठ्ठीवर विसंबू नये. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यास वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सामान्यतः सक्ती नाही.

पावतीची दुसरी प्रत आदिवासी बांधवाच्या हाती असली पाहिजे. कर्जाच्या एकतर्फी नोंदींपायी या जिल्ह्यात जमिनी गेल्या. १९७२ च्या शहाद्याच्या लढ्यामागे जमिनी गमावल्याचीच व्यथा होती. जी वही गिऱ्हाइकाला दाखविता येते, तीच बँकेलाही दाखविता येते.